त्या बाईचं नाव काय?



मागच्या रविवारी माझी भाची तणतणतच घरात शिरली. गणेशोत्सवातल्या एकांकिकेचं पात्रवाटप झालं होतं आणि तिच्या वाट्याला आली होती मोलकरीण. "आत्या, वाचन माझंच सगळ्यात चांगलं झालं होतं. सगळे म्हणाले तसं. आणि मग म्हणे, नायिका जरा उजळ असलेली बरी दिसते!"

मी काय बोलणार? तीसेक वर्षांपूर्वी इथे इंदुरातच एका हौशी नाटकात मीही चहाचा ट्रे घेऊन रंगमंचावर आले होते. तीन वाक्यं बोलले, कप उचलले आणि आत गेले. रंगाने ही पोर माझ्यावर गेली आहे. तेव्हा मी कुणाला काही विचारलं नव्हतं. तिने मात्र मला सरळ विचारलं, "नाही म्हणून टाकू का?"

लगेच उत्तर देण्याऐवजी मी तिला सिसिली टायसनची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

सिसिलीचा जन्म १९२४चा. कॅरिबियन समुद्रातल्या नेविस नावाच्या छोट्या बेटावरून तिचे आईवडील न्यूयॉर्कला आले होते आणि ती वाढली हार्लेममध्ये. घरात गरिबी, आई कमालीची धार्मिक. नाटक-सिनेमा म्हणजे पाप, अशी तिची ठाम समजूत. शिक्षण झाल्यावर सिसिली रेड क्रॉसच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. एक दिवस ती टेबलावरून उठली आणि तिने जाहीर केलं, की देवाने आपल्याला जन्मभर टाइपरायटर बडवायला नक्कीच पाठवलेलं नाही. आधी मॉडेलिंग केलं, मग ती अभिनयाकडे वळली. आईने तिला घराबाहेर काढलं. कितीतरी दिवस मायलेकींचा अबोला होता. पुढे त्याच आईने तिला रंगमंचावर पाहिलं आणि तिला लेकीचा अभिमान वाटला.

त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीय नटीला काम म्हणजे बहुतेक वेळा स्वयंपाकीण किंवा दाई. हॅटी मॅकडॅनियलचं उदाहरण घ्या. 'गॉन विथ द विंड'मधल्या दाईच्या भूमिकेसाठी तिला १९४० साली ऑस्कर मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. पण समारंभ ज्या हॉटेलात होता तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तिच्यासाठी खास परवानगी काढावी लागली आणि तिला बसवलं ते बाकीच्या कलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर. पुरस्कारानंतरही तिच्याकडे येत राहिल्या त्या बहुतेक मोलकरणीच्याच भूमिका.

सिसिली आली ती या वाटेवर. १९६३ साली 'ईस्ट साइड/वेस्ट साइड' या टीव्ही मालिकेत तिला समाजसेवकांच्या कार्यालयातल्या सेक्रेटरीचं काम मिळालं. आज यात काय विशेष, असं वाटेल. पण दर आठवड्याला एक कृष्णवर्णीय बाई ऑफिसात बसून डोक्याने काम करताना दिसते आहे, हे तेव्हाच्या टीव्हीवर नवीन होतं. शिवाय तिचे केस! तेव्हा पडद्यावर यायचं तर कुरळे केस सरळ करून घ्यायचे, ही रीत. सिसिलीने ते आखूड कापले आणि जन्मतः होते तसेच ठेवले. कित्येक मुलींनी तिचं पाहून तसेच केस ठेवले. दक्षिणेकडच्या काही टीव्ही केंद्रांनी मालिका दाखवायलाच नकार दिला आणि एका हंगामानंतर ती बंद पडली.

मग आला १९७२चा 'साउंडर'. काळ महामंदीचा, १९३३ सालचा. लुइझियानातलं, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारं एक गरीब कुटुंब. पोरांच्या पोटात घालायला बाप चोरी करतो आणि तुरुंगात जातो. मागे आई रेबेका शेत सांभाळते, लोकांचे कपडे धुते, मुलाच्या शाळेची उमेद सोडत नाही. सिसिलीला आधी देऊ केली होती शिक्षिकेची भूमिका. तिला हवी होती रेबेका. तू त्या भूमिकेसाठी फार तरुण आणि देखणी दिसतेस, असं तिला सांगण्यात आलं. ती अडून राहिली आणि भूमिका मिळवली. नवरा तुरुंगातून लंगडत परत येतो आणि रेबेका त्या धुळीच्या रस्त्यावरून त्याच्याकडे धावत सुटते, तेवढा एक प्रसंग जरी पाहिलात तरी ती का अडून बसली होती ते कळेल. या कामासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं.

या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी ती गावोगाव फिरली. एका ठिकाणी एका गोऱ्या माणसाने तिच्याजवळ कबुली दिली. आपण भेदभाव करत नाही असं तो समजत होता. पण पडद्यावरचा मुलगा बापाला 'डॅडी' म्हणाला तेव्हा तो अस्वस्थ झाला. कारण त्याचा स्वतःचा मुलगा त्याला तीच हाक मारायचा. सिसिली हादरली. कृष्णवर्णीय घरातही बाप हा बापच असतो, हे या माणसाला नव्याने कळत होतं! तिने त्यानंतर ठरवलं, की आपलं काम हेच आपलं व्यासपीठ. ज्या भूमिकेत आपल्या लोकांची माणुसकी दिसत नाही, ती करायची नाही.

त्या वेळी कृष्णवर्णीयांना घेऊन गुंड, दलाल, मादक पदार्थ अशा मसाल्याचे चित्रपट धडाधड निघत होते आणि पैसाही मिळवत होते. सिसिली त्यांना नाही म्हणत राहिली. याची किंमत तिने मोजली. ऑस्करचं नामांकन मिळालेली ही नटी मधल्या काळात कामाशिवाय घरी बसून असायची.

पण जे स्वीकारलं ते असं, की विसरता येणार नाही. १९७४ सालच्या 'द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन' या टीव्ही चित्रपटात तिने गुलामगिरीत जन्मलेल्या जेनची तरुणपणापासून एकशे दहाव्या वर्षापर्यंतची सगळी वयं रंगवली. तेव्हा ती स्वतः होती एकोणपन्नासची. शेवटी ती म्हातारी काठी टेकत, एकेक पाऊल टाकत, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या नळापाशी जाते आणि पाणी पिते. बस्स, इतकंच. या भूमिकेने तिला दोन एमी पुरस्कार मिळवून दिले. 'द ट्रिप टू बाउंटिफुल' हा चित्रपट १९८५ साली पाहून तिने आपल्या एजंटला सांगितलं होतं, की मला अशी भूमिका आणून दे. ती खुद्द भूमिकाच २०१३ साली ब्रॉडवेवर तिच्याकडे आली आणि अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तिने टोनी पुरस्कार घेतला. २०१८ साली तिला मानद ऑस्कर मिळालं. जानेवारी २०२१मध्ये तिचं आत्मचरित्र आलं आणि दोनच दिवसांनी, शहाण्णव वर्षांची होऊन, ती गेली.

इथवर ऐकून भाची म्हणाली, "म्हणजे मी नाहीच म्हणायचं!"

"थांब," म्हटलं. "२०११ साली 'द हेल्प' आला, त्यात सिसिलीने कोण केली असेल? मोलकरीणच. गोऱ्या घरातल्या मुलीला वाढवणारी आणि म्हातारपणी त्याच घरातून अपमान करून काढलेली कॉन्स्टंटाइन. मोजकेच प्रसंग आहेत, पण त्या बाईला मन आहे, तिचं स्वतःचं घर आहे, लेक आहे."

धुणंभांडी करून घर चालवणाऱ्या बाईची भूमिका करण्यात कसला आलाय कमीपणा? सिसिलीने तो कधी मानला नाही. लेखकाने ती बाई माणूस म्हणून लिहिली आहे, की निव्वळ ट्रे आणण्यापुरती, एवढंच ती बघायची. आपल्या नाटकांत मात्र आणखी एक प्रश्न उरतोच. ट्रे दर वेळी सावळ्या मुलीच्याच हातात का?

भाचीने तिथेच संहिता उघडली. सगळ्या पात्रांना नाव आणि आडनाव. तिच्यापुढे नुसतं 'मोलकरीण'. दुसऱ्या दिवशी तालमीला जाऊन तिने लेखकाला विचारलं, "या बाईचं नाव काय?" तो गोंधळला. "विचार करून सांगतो," म्हणाला. दिग्दर्शकाला तिने उजळपणाबद्दलही विचारलं. त्यावर तो चिडला. नाव मिळालं, चार धड वाक्यं मिळाली तर ती काम करणार आहे. नाहीतर प्रकाशयोजनेला बसेन म्हणते. काय होतं ते पुढच्या महिन्यात कळवीनच.

मला मात्र राहून राहून वाटतंय, की तीस वर्षांपूर्वी मी केलेल्या त्या बाईचं नाव काय असेल? तेव्हा विचारायला हवं होतं.

तुमच्याकडेही गणपतीच्या नाटकांच्या तालमी सुरू झाल्या असतील. संहिता हातात आली, की एकदा पात्रांची यादी वाचा. नाव कुणाला नाही, आणि ते काम कुणाला दिलंय, तेवढं बघा.