पाणी न पिणारा गारवा



मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर तापतो, काटा लाल खुणेकडे सरकतो आणि आपण म्हणतो, पाणी कमी झाले असेल. पुष्कळदा पाणी पुरेसे असते. रेडिएटरच्या जाळीत भुसा बसलेला असतो. इंजिनाची उष्णता पाणी फक्त वाहून आणते, ती बाहेर नेतो वारा. नळ्यांना पातळ पत्रे जोडलेले असतात, म्हणून वारा जास्त जागी लागतो. पंखा वारा ओढतो आणि निवालेले तेच पाणी पुन्हा इंजिनात जाते.

हीच युक्ती मोठ्या वीजकेंद्रांतही चालते. कोळशाच्या आचेवर पाण्याची वाफ होते, ती चक्र फिरवते. मग त्या वाफेचे पुन्हा पाणी करावे लागते. बहुतेक ठिकाणी हे काम गार पाण्याने करतात. ते पाणी तापले की उंच मनोऱ्यात शिंपडून निववतात. त्यातले बरेच वाफ होऊन आभाळात जाते. ती तूट रोज भरावी लागते. बीड जिल्ह्यातले परळीचे केंद्र 2013 आणि 2015 सालच्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. शेत, गाव आणि वीज, तिघांचीही ओंजळ एकाच पाण्यापुढे!

दक्षिण आफ्रिकेत मटिंबा नावाचे केंद्र कोरड्या मुलखात आहे. तिथे वाफ घराच्या पाख्यांसारख्या उतरत्या नळ्यांत सोडतात. नळ्यांना पत्र्याच्या झालरी, खाली प्रचंड पंखे. वाऱ्यानेच वाफेचे पाणी होते आणि ते परत बॉयलरकडे जाते. आपल्या सरकारने 2015 साली मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. मटिंबाला युनिटमागे सुमारे 0.1 लिटर, म्हणजे अर्धा पेला, पुरते. झारखंडात उत्तर करणपुरा येथेही हीच पद्धत असून पहिला संच 2023 साली रीतसर सुरू झाला.

मग सगळीकडे हेच का नाही? कारण वारा फुकट असला तरी पंखे फुकट फिरत नाहीत. उभारणीचा खर्च जास्त, पंख्यांना वीज लागते, आणि भर उन्हाळ्यात हवाच तापलेली असल्याने वीज कमी निघते. नेमकी तेव्हाच आपल्या पंपांना ती हवी असते! तरीही आटलेल्या धरणापुढे बंद पडलेल्या केंद्रापेक्षा थोडी कमी वीज बरी. आपल्या तालुक्यात नवे केंद्र येणार असेल, तर जनसुनावणीत एक प्रश्न जरूर विचारा: "वाफ कशाने निववणार, पाण्याने की वाऱ्याने?"

आणि घरचा रेडिएटर विसरू नका. इंजिन बंद करून पूर्ण निवू द्या. तापलेले झाकण उघडू नका. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलका हवेचा झोत मारा, म्हणजे भुसा आला त्याच वाटेने निघेल. झोत जोराचा नको, पत्रे वाकतात. पंख्याचा पट्टा सैल असेल तर तोही ताणून घ्या.