संशयाला चौकशी म्हणू नका

माणसाचे पारडे चांगल्या बाजूला झुकते धरून त्याला तोला, असे प्राचीन ज्यू धर्मज्ञ यहोशुआ बेन पेराह्या सांगून गेले. मिश्ना या ज्यू धर्मग्रंथातल्या ‘पिर्के आवोत’मध्ये ते नोंदलेले आहे. त्यावरचा आक्षेप आपल्याकडेही सर्रास ऐकू येतो: हा भाबडेपणा आहे, याने लबाडांना रान मोकळे मिळते, आणि युद्धकाळात तर हा आत्मघातच.

मग युद्धकाळाचेच उदाहरण घेऊ. 1941 मध्ये ब्रिटिशांनी जर्मन स्थानबद्धांना नगरहून देवळाली कॅम्पात हलवले आणि पुढे डेहराडूनला नेले. त्यांत हाइनरिख हारर हा गिर्यारोहक होता. तो नाझी पक्षात आणि एसएसमध्ये होता, हे जगाला 1997 मध्ये कळले. आक्षेपक म्हणतील, बघा, कुंपण बरोबरच होते! त्याच्यापुरते होतेच. पण सप्टेंबर 1939 मध्ये नगरला ज्यांना कोंडले, त्यांत हिटलरच्या तावडीतून निसटून आलेले ज्यूही होते. ऑक्टोबर 1938 पासून नाझी राजवट ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ उमटवत होती. शत्रूनेच स्वतःच्या हाताने लिहून दिलेली इतकी चोख साक्ष आणखी कुठे मिळणार? पण पकडताना पाहिले गेले ते नागरिकत्व. 1934 पासून मुंबईत काम करणारी ज्यूइश रिलीफ असोसिएशन निर्वासितांची हमी घेत होती. पुढे सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी केली आणि बरेच जण सुटले. म्हणजे माणूस पारखणे युद्धातही अशक्य नव्हते. आधी कोंडायचे आणि मग विचारायचे, एवढाच क्रम उलटा होता.

भाबडेपणाचा आरोप तर मूळ ग्रंथच खोडतात. अनोळखी माणसाच्या कृतीचा अर्थ चांगला लावा, पण ज्याची दुष्कृत्ये ठाऊक आहेत त्याच्यापासून जपून राहा, असे या वचनावरील भाष्यात मध्ययुगीन ज्यू पंडित मैमोनिदीस बजावतात. रब्बी यहोशुआंची (हे बेन पेराह्या नव्हेत, दुसरे) गोष्ट तर मोठी मिश्कील आहे. त्यांनी पाहुण्याला जेवू घातले, माडीवर निजवले आणि शिडी काढून घेतली. रात्री घरातल्या सामानाचे गाठोडे बांधून उतरायला निघालेला पाहुणा धाडकन खाली पडला. ताटात काही कमी नव्हते, तरी शिडी काढलीच ना?

ज्यूंनी तरी ही शिकवण पाळली का, हा प्रश्न मात्र झोंबणारा आहे, आणि आपल्या घरचाही. कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठीभाषक बेने इस्राएलांच्या लग्नांवर तिथल्या मुख्य धर्मपीठाने शंका घेतली. वंशावळ शक्य तितकी मागे तपासा, असे परिपत्रक नोंदणी करणाऱ्या रब्बींना गेले. संशय एका माणसावर नव्हता, अख्ख्या जमातीवर होता. नगरला ज्यूंना कोंडणाऱ्यांनी केले तेच हे. पण बेने इस्राएलांनी मुकाट्याने कागद शोधले नाहीत, 1964 मध्ये ते जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर धर्मपीठाला परिपत्रकातून त्यांचे नाव काढावे लागले.