बुरशी जाईल, रंग राहील

गणपती आठ दिवसांवर आले, की झाशीतल्या मराठी घरांत माळ्यावरची गाठोडी खाली उतरतात. ज्या गावच्या गणेश मंदिरात १८४२ साली गंगाधरराव आणि मनकर्णिका, म्हणजेच पुढच्या राणी लक्ष्मीबाई, यांचा विवाह झाला, तिथे गणपतीची तयारी हौसेने होणारच. पण गाठोडे सोडताच कुबट वास येतो आणि अंगणात बांधायच्या लाल-पिवळ्या चांदव्यावर काळे ठिपके दिसतात.

"आई, न्हाणीघरात ब्लीचची बाटली आहे. दहा मिनिटांत स्वच्छ करते," सून म्हणते.

"अगं, थांब! काळे जाईल, पण त्याबरोबर लालही जाईल," सासूबाई तिला थांबवतात.

सासूबाईंचे म्हणणे अगदी खरे आहे. बुरशीचा डाग निघू शकतो. ब्लीचने उडालेला रंग मात्र परत येत नाही.

बुरशी येते कशी?

झाशीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे इथल्या कोरड्या हवेत कापडाला काय होणार, असे वाटते. पण जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असते आणि घडी करून ठेवलेल्या कापडात ओल अडकून राहते. बुरशीला तेवढे पुरते. चांदवा, कनात, व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्यांच्या गाद्या, चिकाच्या पडद्यांचे अस्तर, बाजेची नवार, गाडीचे कव्हर या सर्वांची हीच तक्रार असते.

सुती कापड आणि कॅनव्हास हे बुरशीचे खाद्यच आहे. ती धागाच पोखरते. म्हणून धुण्यापूर्वी कापड चिमटीत धरून ओढून पाहावे. टरकन फाटले, तर मेहनत वाया जाईल. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा धागा बुरशी सहसा खात नाही. ती त्यावरच्या धुळीवर आणि तेलकट मळावर वाढते. तिथे मळ गेला की बरेचसे काम होते.

आधी ऊन, मग साबण

कापड घराबाहेर नेऊनच झटकावे. घरात झटकल्यास बुरशीचे बारीक कण सगळीकडे पसरतात. नाकातोंडाला रुमाल बांधावा. दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि लहान मुलांनी जवळ थांबू नये. कापड उन्हात कडकडीत वाळले की मऊ ब्रशने कोरडेच झाडावे. ओल्या डागावर ब्रश घासला, तर तो आणखी पसरतो.

त्यानंतर कोमट पाण्यात साबणाचा चुरा विरघळवून डागावर लावावा. पंधरा-वीस मिनिटांनी हलक्या हाताने घासून भरपूर पाण्याने धुवावे. मेणकापड किंवा पाणी न झिरपणारा कॅनव्हास जोराने घासू नये. त्यावरचा थर निघून जातो.

फिकट डाग राहिलाच, तर रंगीत सुती किंवा पॉलिएस्टर कापडासाठी ऑक्सिजन ब्लीच वापरावे. ही पावडर सोडियम परकार्बोनेटची असते. पाकिटावरच्या प्रमाणात ती कोमट पाण्यात घालून कापड तासभर भिजवावे. तयार पाणी बंद बाटलीत भरून ठेवू नये, कारण त्यातून वायू सुटत राहतो. रेशीम आणि लोकरीला ही पावडर लावू नये.

क्लोरीनचे ब्लीच कुठे चालते?

बाटलीतल्या द्रवरूप ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते. ते डागातला रंग आणि कापडातला रंग असा भेद करत नाही. म्हणून ते फक्त पांढऱ्या सुती कापडासाठी राखून ठेवावे. एक लिटर थंड पाण्यात एक मोठा चमचा एवढेच घ्यावे आणि पाच ते दहा मिनिटांत कापड बाहेर काढावे. जास्त वेळ ठेवल्यास सूत कमजोर होते. रेशीम आणि लोकर त्यात खराब होतात, तर नायलॉन पिवळे पडते. कनातीला लोखंडी कड्या असतील, तर त्या गंजून नवेच डाग पडतात.

बाहेर वापरायच्या काही ॲक्रिलिक कापडांवर मात्र हे ब्लीच चालते. त्यांच्यात धागा बनतानाच रंग मिसळलेला असतो. बडीशेपेच्या गोळीवर रंगाचा नुसता थर असतो, तर रंगीत बत्तासा आतबाहेर एकाच रंगाचा असतो, तसाच हा फरक. आपले कापड कोणते, हे कळण्यासाठी शिवणीच्या आतल्या बाजूला तयार पाण्याचे दोन थेंब टाकावे. पाच मिनिटांनी पांढऱ्या फडक्याने टिपून कापड वाळू द्यावे. रंग फडक्यावर आला किंवा जागा फिकी पडली, तर तो विचार सोडून द्यावा.

हे कधीही करू नका

ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करण्याचे ॲसिड मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात जीव धोक्यात येतो. अमोनिया असलेले द्रवही त्यात घालू नये. ब्लीचचा वास घालवण्यासाठी शेवटच्या पाण्यात व्हिनेगर टाकण्याची सवयही याच कारणाने चुकीची आहे.

ब्लीच चुकून सांडलेच, तर कापड ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरावे. भरपूर धुतल्यावर एक लिटर पाण्यात चमचाभर सोडियम थायोसल्फेट घालून त्यात बुडवावे आणि पुन्हा धुवावे. फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणतात, तेच हे. त्याने उरलेले क्लोरीन निष्प्रभ होते आणि नुकसान तिथेच थांबते. उडालेल्या जागी मात्र गडद रंग देणे किंवा वर कापडी नक्षी शिवणे, एवढेच हाती राहते.

पुढच्या वर्षासाठी

विसर्जनानंतर चांदवा लगेच गुंडाळून ठेवू नये. धूळ आणि तेलाचे डाग धुऊन, दोन्ही बाजूंनी उन्हात वाळवून, मग सावलीत गार झाल्यावरच घडी घालावी. प्लास्टिकच्या पिशवीत न भरता जुन्या सुती चादरीत बांधावा आणि गाठोडे भिंतीला न टेकवता फळीवर ठेवावे. पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी ते एकदा सोडून वारा द्यावा.

सुनेने बाटली पुन्हा कपाटात ठेवली आणि चांदवा गच्चीवर नेला, तर संध्याकाळपर्यंत अर्धे काम उन्हानेच केलेले असेल. उरलेले साबणाने होईल आणि बाप्पाच्या डोक्यावरचा लाल रंग लालच राहील.