विश्लेषण : टेस्टोस्टेरॉनचे उपचार सुरू तर केले, चालू ठेवायचे की थांबवायचे?

थकवा जात नाही, पोट सुटले आहे, शरीरसंबंधांची इच्छा उरलेली नाही. अशा तक्रारी घेऊन चाळिशीतला माणूस लॅबचे ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेज घेतो आणि रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉनचा आकडा लाल रंगात येतो. कोणी तरी इंजेक्शन सुचवते. दोन महिने बरे वाटते. मग पुढच्या रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट ५५ टक्के दिसतो, डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात आणि इतके दिवस कोणी न विचारलेला प्रश्न समोर येतो : हे औषध आणखी किती दिवस? ते सुरू कसे करायचे याची माहिती जाहिरातींपासून जिमपर्यंत सगळीकडे मिळते. थांबवण्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

चर्चा आता का?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०१५ मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या औषधांवर हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताच्या संभाव्य धोक्याचा इशारा छापायला लावला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच संस्थेने वेष्टनावरच्या चौकटीतील हृदयविकाराबाबतचा मजकूर काढून टाकण्यास सांगितले. समाजमाध्यमांवर याचा अर्थ ‘टेस्टोस्टेरॉन सुरक्षित ठरले’ असा लावला गेला. तो अर्धाच खरा आहे. त्याच आदेशात रक्तदाब वाढण्याचा नवा इशारा घालण्यास सांगितले आहे आणि केवळ वयामुळे टेस्टोस्टेरॉन कमी झालेल्या पुरुषांसाठी हे औषध मंजूर नाही, ही ओळ तशीच ठेवली आहे.

या बदलामागे ‘ट्रॅव्हर्स’ नावाची चाचणी आहे. तिचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. टेस्टोस्टेरॉन कमी असलेले, हृदयविकार असलेले किंवा त्याचा मोठा धोका असलेले ४५ ते ८० वयाचे ५,२०० हून अधिक पुरुष तिच्यात होते. निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनचे जेल, निम्म्यांना औषध नसलेले जेल. हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांचे प्रमाण पहिल्या गटात ७ टक्के, तर दुसऱ्यात ७.३ टक्के निघाले. म्हणजे फरक नाही. बातम्या इथेच थांबल्या. पण हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे (एट्रियल फिब्रिलेशन) प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३.५ टक्के होते, न घेणाऱ्यांत २.४ टक्के. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रमाण ०.९ विरुद्ध ०.५ टक्के. मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचे प्रमाणही थोडे जास्त आढळले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये याच चाचणीतून आणखी एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. टेस्टोस्टेरॉनमुळे हाडांची घनता वाढते असे आधीच्या अभ्यासांत दिसले होते. इथे मात्र हाडे मोडण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांतच जास्त निघाले, ३.५ टक्के विरुद्ध २.४६ टक्के.

या चाचणीतील सुमारे ६० टक्के पुरुषांनी औषध मध्येच सोडले आणि हे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. म्हणजे ‘चालू ठेवू की सोडू’ हा प्रश्न एखाद-दुसऱ्याचा नाही.

मुळात हे औषध कोणासाठी?

जन्मतः एक्स गुणसूत्र जास्त असणे (क्लाइनफेल्टर सिंड्रोम), मेंदूतील पियूषिका ग्रंथीची गाठ, गालगुंडामुळे अंडकोषांना झालेली इजा, कर्करोगावरील केमोथेरपी किंवा अंडकोष काढावे लागणे, अशा कारणांनी शरीर टेस्टोस्टेरॉन बनवूच शकत नसेल तर उपचार बहुधा आयुष्यभराचे असतात. अशा रुग्णांच्या बाबतीत औषध सोडायचे का, यापेक्षा ते अधिक सुसह्य कसे करायचे हा प्रश्न असतो.

दुसरा गट मोठा आहे. वाढलेले वजन, मधुमेह, अपुरी झोप, वेदनाशामक अफूजन्य औषधे किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स यांमुळे आकडा खाली येतो. कारखाना शाबूत असतो, फक्त मंदावलेला असतो. तरुण, निरोगी पुरुषांना आठवडाभर रोज पाच तासच झोपू दिले तर दिवसाची टेस्टोस्टेरॉन पातळी १० ते १५ टक्क्यांनी घसरते, असे २०११ मधील एका छोट्या प्रयोगात दिसले होते. वजन उतरले की आकडा वर येतो. युरोपातील आठ शहरांत ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची तपासणी झाली, तेव्हा लक्षणे आणि कमी पातळी असे दोन्ही निकष पूर्ण करणारे जेमतेम दोन टक्के निघाले. जाहिराती पाहिल्या तर प्रत्येक दुसरा चाळिशीतला पुरुष त्यात बसतो.

म्हणूनच ‘चालू ठेवू का’ या प्रश्नाच्या आधी ‘सुरू करताना निदान नीट झाले होते का’ हे तपासावे लागते. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते आणि जेवणानंतर उतरते. त्यामुळे सकाळी, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी किमान दोनदा चाचणी हवी. आजारपणात केलेली चाचणी धरायची नाही. अमेरिकी युरोलॉजी संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरखालची पातळी कमी मानते. स्थूल व्यक्तींमध्ये या संप्रेरकाला वाहून नेणारे प्रथिन कमी असल्याने एकूण आकडा फसवा असतो. तिथे मुक्त टेस्टोस्टेरॉन पाहावे लागते. ऑफिसमधून येता येता संध्याकाळी दिलेल्या एका नमुन्यावर उपचार सुरू झाले असतील, तर निदानालाच पुन्हा हात घालावा लागतो. तोही सरळ घालता येत नाही, कारण औषध चालू असताना शरीराची स्वतःची पातळी कळत नाही.

औषध सुरू झाले की शरीर काय करते?

गिझरचा थर्मोस्टॅट आठवावा. पाणी तापले की तो कॉइल बंद करतो. मेंदूतील हायपोथॅलॅमस आणि पियूषिका ग्रंथी रक्तातील टेस्टोस्टेरॉन मोजत असतात; कमी झाले की ‘एलएच’ आणि ‘एफएसएच’ ही संप्रेरके सोडून अंडकोषांना कामाला लावतात. बाहेरून इंजेक्शन दिले की गिझरमध्ये वरून गरम पाणी ओतल्यासारखे होते. थर्मोस्टॅटला वाटते काम झाले, आणि तो कॉइल बंद करतो. अंडकोषांचे उत्पादन थांबते, त्यांचा आकारही कमी होऊ शकतो.

या एका साखळीतून दोन मोठे परिणाम निघतात. औषध अचानक थांबवले तर कॉइल लगेच पेटत नाही. आणि दुसरा परिणाम अनेक जोडप्यांना फार उशिरा कळतो.

मूल हवे असेल तर?

शुक्राणू तयार होण्यासाठी अंडकोषांच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त लागते. ते बाहेरून देता येत नाही. आतच बनावे लागते. इंजेक्शनने रक्तातला आकडा सुधारतो आणि आतला कोसळतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनची पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून चाचणी केली होती, यावरून परिणाम लक्षात यावा. तरीही ‘ताकद वाढेल’ म्हणून मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या पुरुषाला हेच औषध दिले जाते, हे या विषयातले सर्वांत मोठे दुर्दैव. दीडएक वर्ष तपासण्या बहुधा पत्नीच्याच होत राहतात आणि नवऱ्याने जिममध्ये काय घेतले हे कोणी विचारत नाही.

शुक्राणू परत येतात का? गर्भनिरोधक चाचण्यांतील १,५०० हून अधिक निरोगी पुरुषांच्या नोंदी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एकत्र मांडल्या गेल्या. औषध थांबवल्यावर सहा महिन्यांत ६७ टक्के आणि वर्षभरात ९० टक्के पुरुषांची संख्या मिलीलिटरला दोन कोटींवर आली. सर्वांत उशिराच्यांना दोन वर्षे लागली. पण हे पुरुष सुरुवातीला निरोगी होते. आधीच कमी उत्पादन असलेल्या किंवा वर्षानुवर्षे मोठे डोस घेतलेल्या पुरुषाला हा हिशेब लागू होईलच असे नाही. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नजीकच्या काळात मूल हवे असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. अशा वेळी एचसीजी इंजेक्शनसारखे, अंडकोषांना स्वतः काम करायला लावणारे पर्याय वापरले जातात. औषध आधीच सुरू असेल तर वीर्यतपासणी आणि पुरुष वंध्यत्वतज्ज्ञाचा सल्ला आधी, पुढची मात्रा नंतर.

रक्त घट्ट होते म्हणजे काय?

टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशींची निर्मिती वाढवते. रक्तातील या पेशींचा वाटा म्हणजे हिमॅटोक्रिट. पुरुषांत तो साधारण ४० ते ५० टक्के असतो. ५४ टक्क्यांच्या वर गेला तर औषध थांबवून तो खाली येईपर्यंत वाट पाहावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ऑस्ट्रेलियात मधुमेह टाळण्यासाठी झालेल्या मोठ्या चाचणीत दोन वर्षे इंजेक्शन घेणाऱ्या पुरुषांत नव्या मधुमेहाचे प्रमाण २१ वरून १२ टक्क्यांवर आले, पण २२ टक्के पुरुषांचा हिमॅटोक्रिट ५४ च्या वर गेला. इंजेक्शन न घेणाऱ्यांत हे प्रमाण एक टक्का होते.

आकडा वाढला म्हणजे उपचार कायमचे संपले असे नाही. मोठ्या अंतराने मोठा डोस घेण्याऐवजी छोटा डोस वारंवार देणे, एकूण मात्रा कमी करणे किंवा इंजेक्शनऐवजी जेल वापरणे, हे डॉक्टरांचे नेहमीचे मार्ग. सोबत धूम्रपान आणि झोपेतील श्वासअडथळा (स्लीप ॲप्निया) तपासला जातो, कारण दोन्हींमुळे हिमॅटोक्रिट वाढतो आणि टेस्टोस्टेरॉनमुळे घोरण्याचा आजार बळावू शकतो. ‘रक्तदान करून टाका’ हा जिममधला लोकप्रिय सल्ला. त्याने आकडा तात्पुरता उतरतो, पण वारंवार केल्यास शरीरातील लोह कमी होते आणि मूळ कारण, म्हणजे जास्त झालेला डोस, तसाच राहतो.

मुरुमे, चिडचिड आणि घरातली मुले

तेलकट त्वचा, मुरुमे, टाळूवरचे केस विरळ होणे, पायांना सूज, स्तनांच्या जागी दुखरी वाढ हे त्रास बरेच जण निमूट सोसतात. स्तनांची वाढ होते ती टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो म्हणून; चरबी जास्त तितका हा बदल जास्त. मनःस्थितीचे चढउतार अनेकदा इंजेक्शनच्या वेळापत्रकाशी जुळलेले आढळतात. पहिल्या काही दिवसांत उत्साह आणि तापटपणा, पुढचे इंजेक्शन जवळ आले की मरगळ. दोन-तीन आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्याने तारखेसह साधी नोंद ठेवली तरी डॉक्टरांना डोस बदलणे सोपे जाते. रक्त कधी तपासायचे हेही प्रकारावर अवलंबून आहे : एनान्थेटसारख्या इंजेक्शनमध्ये दोन मात्रांच्या मधोमध, दीर्घकाळ चालणाऱ्या अनडेकॅनोएटमध्ये पुढच्या मात्रेच्या अगदी आधी, आणि जेलमध्ये लावल्यानंतर दोन ते आठ तासांत. चुकीच्या दिवशी काढलेल्या रक्तावरून डोस वाढवला जाणे ही सहज टाळता येणारी चूक आहे.

जेलबाबत एक धोका भारतीय घरांत जास्त लक्षात ठेवायला हवा. खांद्यावर लावलेले जेल दुसऱ्याच्या त्वचेला लागते. वडिलांच्या अंगावर झोपणाऱ्या लहान मुलांत अकाली वयात येण्याची लक्षणे दिसल्याने एफडीएने २००९ मध्येच ठळक इशारा दिला होता. हात साबणाने धुणे, जेल वाळल्यावर कपड्याने झाकणे आणि मूल अंगाखांद्यावर घेण्याआधी ती जागा धुणे, एवढे केले तरी बराच धोका टळतो. घरात गरोदर स्त्री असेल तर काळजी दुप्पट.

प्रोस्टेटच्या ‘पीएसए’ चाचणीत पहिल्या वर्षात १.४ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरपेक्षा जास्त वाढ झाली आणि फेरतपासणीतही ती टिकली, तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे लागते. प्रोस्टेट किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्यांना, तसेच गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात येऊन गेलेल्यांना हे उपचार सुरू करू नयेत, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

मग निर्णय घ्यायचा कशावर?

औषध ज्यासाठी सुरू केले ते मिळाले का, यावर. कामेच्छेतला फरक साधारण तीन ते सहा आठवड्यांत जाणवू लागतो. वयामुळे पातळी कमी झालेल्या पुरुषांसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०२० मध्ये दिलेला सल्ला रोखठोक आहे : लैंगिक तक्रारी असतील तरच उपचारांचा विचार करावा, वर्षाच्या आत फेरविचार करावा आणि त्या तक्रारीत सुधारणा नसेल तर औषध थांबवावे. ऊर्जा, चैतन्य किंवा स्मरणशक्तीसाठी ते देऊ नये. ६५ वर्षांवरील ७९० पुरुषांवरील अभ्यासांतही (२०१६) लैंगिक जीवनात माफक सुधारणा दिसली, थकव्यात ठोस फरक पडला नाही. केवळ थकव्यासाठी सुरू केलेले इंजेक्शन सहा महिन्यांनीही थकवा घालवत नसेल, तर थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य आणि झोप यांकडे वळायला हवे.

थांबवायचे ठरले तर पुढचे काही महिने जड जातात हे आधीच माहीत असावे. ऑस्ट्रेलियातील त्याच चाचणीत दोन वर्षांच्या इंजेक्शननंतर शरीराची स्वतःची यंत्रणा पूर्ववत व्हायला साधारण वर्ष लागल्याचे दिसले. या मधल्या काळात मरगळ, उदास मन, घटलेली कामेच्छा असते, आणि ‘पाहा, मला औषधाची गरजच होती’ असा समज होतो. तो खरा असेलही. पण औषध सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतील लक्षणांवरून ते सांगता येत नाही. सर्वाधिक लोक परत इंजेक्शनकडे वळण्याची शक्यता असते ती याच टप्प्यावर.

ट्रान्स पुरुषांचा प्रश्न वेगळा का?

ट्रान्स पुरुषांसाठी टेस्टोस्टेरॉन हे शरीर आणि ओळख जुळवून घेण्याचे साधन आहे. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यातही हार्मोन उपचारांचा उल्लेख आहे. इथे औषध थांबवण्याची कारणे अनेक असतात : दुष्परिणाम, खर्च, गावी परतावे लागणे, गर्भधारणेची इच्छा किंवा हवे तेवढे बदल झाल्याचे समाधान. थांबवल्यावर खोल झालेला आवाज आणि आलेली दाढी बहुतांशी तशीच राहते. मासिक पाळी परत येऊ शकते, चरबीची ठेवण पूर्वीसारखी होऊ लागते. पाळी बंद झाली म्हणजे गर्भ राहणार नाही, हा समज धोकादायक आहे. टेस्टोस्टेरॉन गर्भनिरोधक नाही, आणि गर्भ राहिल्यास ते त्याला घातक ठरू शकते. अंडाशय काढलेले असतील तर मात्र औषध पूर्ण बंद करणे म्हणजे शरीरात कोणतेच लैंगिक संप्रेरक न उरणे. त्याचा फटका हाडांना बसतो. त्यामुळे अशा व्यक्तीने डोस कमी करण्याआधी हाडांची घनता मोजून घेणे आणि डॉक्टरांशी पर्यायी संप्रेरकाबद्दल बोलणे गरजेचे ठरते.