कॉपी करणाऱ्यांच्या बाजूने

'कॉपी' हा शब्द कॉलेजात बदनाम आहे. तो परीक्षेच्या हॉलपुरताच बदनाम राहिला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण चित्रकलेतही आपण तोच शब्द त्याच तोंडाने वापरतो. कुणी जुन्या चित्राची प्रतिकृती केली की आधी "अरे वा, हुबेहूब!" आणि मग लगेच "पण स्वतःचं काय केलंस?" माझ्या मते ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, पहिलं तर जास्तच.

हे मी एका विशिष्ट चित्राविषयी बोलतेय. ओनोरे दोमिए (1808–1879) हा फ्रेंच चित्रकार. पॅरिसच्या वर्तमानपत्रांत व्यंगचित्रं काढून पोट भरायचा. सुमारे चार हजार लिथोग्राफ त्याने केले, आणि राजा लुई-फिलिपला जनतेचा पैसा गिळणारा राक्षस दाखवल्याबद्दल 1832 साली तुरुंगातही गेला. सेन नदीतल्या सँ-लुई बेटावर, अगदी काठावरच त्याचं घर होतं. खाली नदीत कपडे धुण्यासाठी बांधलेल्या होड्या असत. बायका तिथे दिवसभर धुणं धूत आणि ओझी घेऊन दगडी पायऱ्या चढून वर येत. दोमिए हे रोज बघत होता. 1860 च्या आसपास त्याने हे दृश्य तैलरंगात रंगवलं, लाकडी फळीवर. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली फळी 48.9 बाय 33 सेंटीमीटरची आहे, म्हणजे साधारण वर्तमानपत्राच्या एका पानाएवढी.

चित्रात आहे काय? एक दणकट बाई शेवटच्या पायऱ्या चढतेय. एका काखेत ओल्या कपड्यांचं गाठोडं, दुसऱ्या हाताने पोराचा हात धरलेला. पोराच्या हातात कपडे धोपटायचं लाकडी फळकुट. पायऱ्या पोराच्या पायांना उंच पडतात म्हणून बाई त्याच्याकडे वाकलीय. मागे नदीपलीकडच्या इमारती उन्हात उजळलेल्या आणि ही दोघं जवळजवळ काळोखात. चेहऱ्यावर नाक-डोळे असे म्हणायला नाहीतच. बस, एवढंच. गोष्ट नाही, उपदेश नाही, 'बिचारी' असा सूर नाही.

(मी मुद्दाम 'परटीण' म्हणत नाहीये. आपल्या भाषेत तो शब्द आला की जात आधी येते. पॅरिसची ही बाई मजुरीने धुणं धुणारी. 'धुणेवाली' म्हणू या.)

आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीने यंदा या चित्राची प्रतिकृती केली, तीही फळीवरच. कॅनव्हास का नाही, असं सगळ्यांनी विचारलं. बाजारात तयार कॅनव्हास मिळतो, स्वस्त मिळतो, कशाला हा उपद्व्याप? मलाही आधी तसंच वाटलं होतं. ती काम करताना बघितल्यावर मत बदललं.

फळी म्हणजे कष्ट. तिने सुताराकडून चांगल्या प्लायवूडचा तुकडा कापून आणला. त्यावर सरसाचा हात, मग सरसात कालवलेल्या खडूच्या भुकटीचे थरावर थर. प्रत्येक थर वाळला की पॉलिश पेपर. आणि हे सगळं मागच्या बाजूनेही, कारण एकाच बाजूला लेप दिला तर लाकूड वाकतं. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. हवेतला ओलावा लाकूड पितं आणि तैलरंग वाळायचं नाव घेत नाही. वर नियम असा की खालचे थर टर्पेंटाइनने पातळ आणि वरचे जवसाच्या तेलाने जड असले पाहिजेत. उलट झालं तर खालचा थर मागाहून वाळतो आणि वरचा तडकतो. म्हणजे घाई करून चालत नाही. एक थर, मग थांबा. पुन्हा एक थर, पुन्हा थांबा.

पण खरा फरक ब्रश टेकल्यावर कळतो. कॅनव्हास जरा दबतो, ब्रशला परत ढकलतो. फळी दबत नाही. गुळगुळीत लेपावर रंग सरकतो आणि हाताचा प्रत्येक फटकारा जसाच्या तसा दिसत राहतो. मोबाइलवर चित्र बघून हे कळणं शक्यच नाही. स्क्रीनवर सगळी चित्रं एकाच चकचकीत काचेची असतात.

तिचे पहिले दोन प्रयत्न मी पाहिलेत. हुबेहूब होते, पण बाई फिरायला निघाल्यासारखी वाटत होती! गाठोडं होतं, पण त्याला वजन नव्हतं. तिसऱ्या वेळी तिने क्रम बदलला. आधी सगळ्या फळीवर तपकिरी रंगाचा पातळ हात मारला, बाईचा काळसर आकार एकदाच ठाम बसवला आणि मग मागच्या भिंतींचा फिकट उजेड त्या आकाराच्या कडेकडेने भरत आणला. खांद्यापाशी उजेड जरा आत सरकवला आणि बाई वाकली. एवढ्या एका कडेत सगळं ओझं होतं. दोमिएने हे कसं साधलं ते पुस्तकात वाचून मला कळलं नसतं, आणि तिलाही नसतं.

म्हणून 'हुबेहूब' या कौतुकावर माझा आक्षेप आहे. हुबेहूब तर प्रिंटरही काढतो, दहा रुपयांत. प्रतिकृती करणाऱ्याने काय वाचलं ते बघायला हवं. नेटवर या चित्राच्या अशा प्रतिकृती दिसतात की करणाऱ्याने फोनचा उजेड वाढवून बाईला डोळे, ओठ, वर एक गोड स्मितसुद्धा दिलंय. कौशल्य आहे, नाही कोण म्हणतो, पण ते चित्र न वाचताच केलेलं आहे. दोमिएने तिला चेहरा दिला नाही, कारण पायरी चढताना ती कुणाला दाखवायला चढत नव्हती.

आता दुसरं वाक्य, 'स्वतःचं काय केलंस?' मैत्रिणीची फळी एका आंतरमहाविद्यालयीन प्रदर्शनाने परत पाठवली. कारण एका ओळीचं: कलाकृती मूळ नाही. गंमत अशी की दोमिएची स्वतःचीच 'धुणेवाली' एक नाही. पॅरिस, न्यूयॉर्क आणि बफेलो अशा तीन ठिकाणी तिची तीन रूपं आहेत. तो स्वतःच पुन्हा पुन्हा तिच्याकडे गेला. या हिशोबाने त्याचीही दोन चित्रं परत पाठवायला हवीत.

व्हॅन गॉगचं तर आणखीनच. 1889-90 मध्ये सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना त्याने मिलेच्या शेतकरी-मजुरांच्या चित्रांवरून वीसच्या आसपास चित्रं केली. समोर होत्या त्या छापील, बिनरंगी प्रती. रंग त्याने आपल्या मनाने घातले. आपण हे दुसऱ्या भाषेत भाषांतर करतोय, अशा अर्थाचं त्याने भावाला कळवलं होतं. आपल्या मंडळात दरवर्षी कोकणी, कन्नड, इंग्रजी कवितांची भाषांतरं वाचली जातात. तेव्हा कुणी उठून "पण मूळ कुठाय?" असं विचारत नाही.

आणि गोव्यात बसून आपण नकलेला नाकं मुरडावीत? फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापलं गेलं. त्या काळच्या छापील आवृत्त्यांची आज एकही प्रत उरलेली नाही. ते आपल्या हाती आलं ते कुणी कुणी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमुळे. त्यांवरूनच 1907 साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. त्या नकलाकारांना 'स्वतःचं काय लिहिलंत?' असं विचारायची माझी तरी हिंमत नाही.

काहींनी मैत्रिणीला दुसरा सल्ला दिला: बाईला नऊवारी नेसव, मागे मांडवी दाखव, म्हणजे चित्र 'आपलं' होईल आणि स्पर्धेतही चालेल. हा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. कपडे बदलायला एक दुपार पुरते. आपल्याकडे धुणंभांडी करणारी मावशी जिना कसा चढते, बादली कोणत्या कुशीवर घेते, पोराला कुठे ठेवून येते, हे बघायला त्याहून जास्त वेळ लागतो. ते न बघता नऊवारी नेसवली तर आत बाई पॅरिसचीच राहणार, फक्त फॅन्सी ड्रेसमध्ये. कधीतरी मैत्रीण मावशींचं चित्र करेल, तेव्हा तिला दोमिएची पायरी लागणारही नाही. आत्ता ती शिकतेय, तर तिला शिकू द्या.

फसवणुकीची भीती असेल तर तिच्यावर उपाय जुना आहे. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात 1793 पासून चित्रकार मूळ चित्रांसमोर उभे राहून प्रतिकृती करतात. अट अशी की आकार मूळ चित्राएवढा नको आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. आपल्या स्पर्धांच्या प्रवेशपत्रावर एक रकाना वाढवा: 'कोणाच्या चित्रावरून'. त्याखाली दोन ओळींची जागा ठेवा, करणाऱ्याने त्या चित्रात काय पाहिलं ते लिहायला. परीक्षकांनी त्या दोन ओळी आणि चित्र शेजारी शेजारी ठेवून गुण द्यावेत. प्रवेश फी हवी तर तीच ठेवा.