आतला आवाज आणि लाल शाई

'स्वतःचा आवाज शोधा' हे वाक्य आपल्या साहित्यव्यवहारात इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याचा अर्थ विचारणेही आता असभ्यपणाचे ठरावे. नवलेखकांचे शिबिर असो, कविसंमेलनाचा समारोप असो किंवा पदवी वर्गातला लेखनकौशल्याचा तास असो, उपदेश ठरलेला: डोळे मिटा, अंतर्मुख व्हा, आत एक अस्सल आवाज तुमची वाट पाहत बसला आहे, तो कागदावर उतरवा. प्रस्तुत लेखकानेही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवताना हा उपदेश अनेक वर्षे केला. आज तो अर्धवट आणि बराचसा अप्रामाणिक वाटतो. का, ते सांगायला हवे.

एका विद्यार्थिनीने निबंध लिहिला होता. सीतादहीच्या, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात गेलेल्या आपल्या मायबद्दल. मी लाल शाईने 'मले'चे 'मला' केले, 'माय'ची 'आई' केली, 'डोया'चा 'डोळा' केला. पान लाल झाले. मग समासात शेरा मारला: तुझा स्वतःचा आवाज अजून सापडलेला नाही. तास संपल्यावर ती वही घेऊन आली आणि तिने सरळ विचारले, "सर, मंग माहा आवाज कोनता?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो. उत्तर माझ्याकडे नव्हते, कारण तो आवाज मीच पाचेक मिनिटांपूर्वी खोडला होता.

हा प्रश्न एकट्या वऱ्हाडीपुरता नाही. या जिल्ह्यात कोलामाच्या घरात कोलामी बोलली जाते, गोंडाच्या घरात गोंडी, तांड्यावर गोरबोली. तीच मुले बाजारात वऱ्हाडी बोलतात, वहीत प्रमाण मराठी लिहितात आणि अर्ज भरताना इंग्रजी चाचपडतात. अशा मुलाला डोळे मिटून आत डोकावायला सांगितले तर त्याला एक आवाज ऐकू येणार नाही, चार ऐकू येतील, आणि त्यांतल्या तिघांची त्याला शाळेत लाज वाटायला शिकवलेले असेल. 'आतला एक आवाज' ही कल्पना ज्याच्या घरची, शाळेची आणि पुस्तकाची भाषा एकच आहे त्याच्या सोयीची आहे. त्याला आत्मशोध सोपा जातो, कारण त्याचे काही हरवलेलेच नसते.

मर्ढेकरांनी 'आत्मनिष्ठा' हा शब्द मराठी समीक्षेत रुजवला. त्यांना अभिप्रेत असलेली कठोर कसोटी बाजूला पडली आणि उरला तो एकांताचा गौरव: लेखक जितका एकटा, तितका अस्सल. पुराव्यादाखल तुकोबांना भंडाऱ्याच्या डोंगरावर बसवले जाते. परंतु तुकोबा स्वतः काय सांगतात? आपण आधीच्या संतांची वचने पाठ केली आणि कीर्तनात दुसऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन अभंगरचनेचे काम सोपवले, हेही तेच सांगतात. म्हणजे मराठीतल्या सर्वांत स्वतंत्र आवाजाची सुरुवात दुसऱ्याच्या मागे गाण्यापासून झाली. त्यांचा एकांत माणसांनी गजबजलेला होता. आत्मपरीक्षण त्यांनी निर्दयपणे केले, पण ते विठ्ठलासमोर आणि श्रोत्यांसमोर.

आता अगदी जवळचे उदाहरण. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले गेले आणि विरोधाचे इशारे येताच ते निमंत्रण मागे घेतले गेले. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. रिकाम्या झालेल्या जागी कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांना बोलावण्यात आले. त्यांच्या शेतकरी पतीने २०११मध्ये आत्महत्या केली होती. त्या बोलल्या आणि मंडप स्तब्ध झाला. दुसऱ्या दिवसापासून 'मातीतला आवाज', 'उत्स्फूर्त हुंकार' अशी विशेषणे सुरू झाली.

माझा आक्षेप या विशेषणांवर आहे. वैशाली येडे यांचा आवाज मातीतून आपोआप उगवला नव्हता. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तेरवं' या नाटकात त्या काम करत होत्या. त्यांच्याबरोबर रंगमंचावर त्यांच्यासारखीच दुःखे भोगलेल्या बायका होत्या. दुसऱ्याने लिहिलेली वाक्ये पाठ करत, तालमी करत, प्रेक्षकांसमोर ती पुन्हा पुन्हा उच्चारत त्या उभ्या राहिल्या होत्या. हे सांगितल्याने त्यांच्या बोलण्याचे मोल कमी होत नाही. उलट त्यामागचे कष्ट दिसतात. 'उत्स्फूर्त' म्हटले की कष्ट नाहीसे होतात, आणि एका विचार करणाऱ्या बाईची गणना आपण पावसापाण्यात करून टाकतो.

आणि ज्या व्यवस्थेने एका लेखिकेचा आवाज भीतीपोटी बंद केला, तिनेच दुसऱ्या बाईच्या आवाजाने आपली लाज झाकली, हेही विसरता येत नाही. दोघींना परस्परांविरुद्ध उभे करण्याची काहीच गरज नव्हती; एकाच व्यासपीठावर दोघी बसू शकल्या असत्या. अध्यक्ष अरुणा ढेरे यांनी झाल्या प्रकाराबद्दल नापसंती व्यक्त केली, हे नोंदवायला हवे. पण आयुष्यभर नवोदितांना 'आतला आवाज ऐका' असे सांगणारे आपल्यातले कितीतरी जण त्या आठवड्यात काय ऐकत होते? आत्मपरीक्षणाची गरज त्या मंडपात कोणाला अधिक होती?

माझे म्हणणे इतकेच आहे. आवाज सापडत नसतो; तो ऐकणाऱ्यासमोर घडतो. म्हणून आत्मपरीक्षणाचे पहिले ओझे बोलणाऱ्यावर नव्हे, ऐकणाऱ्यावर आहे. आपण ते विद्यार्थ्यांच्या गळ्यात घालून मोकळे होतो.

यावर विचारले जाईल: मग प्रमाण मराठी शिकवायचीच नाही काय? शिकवायची, आणि नीट शिकवायची. स्पर्धा परीक्षा, नोकरी, कचेरीतला अर्ज यांसाठी ती लागते, आणि ती नाकारणे हा गरिबाच्या मुलावरचा दुसरा अन्याय होईल. परंतु एक भाषा शिकवणे वेगळे आणि दुसरी चूक ठरवणे वेगळे. यवतमाळच्याच शंकर बडे यांनी वऱ्हाडीत कविता लिहिली, 'बॅरिस्टर गुलब्या'चे एकपात्री प्रयोग केले. लोकांनी ते ऐकले आणि त्यातून त्यांची भाषा आणखी धारदार होत गेली. त्यांच्या बोलीला आपण टाळ्या देतो आणि तीच बोली निबंधात आली की गुण कापतो. या विसंगतीला काय म्हणावे?

अलीकडे मी एक साधी गोष्ट करतो. निबंध आधी वर्गात मोठ्याने वाचायला लावतो आणि इतरांना विचारतो की त्यांनी काय ऐकले. दुरुस्ती त्यानंतर, वेगळ्या कागदावर. मूळ पान तसेच राहते. 'माय' मायच राहते. काही मुले पहिल्यांदा वाचताना अडखळतात, हसतात, थांबतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र आपलेच एखादे वाक्य स्वतः बदलतात. तो बदल माझ्या शाईने झालेला नसतो.

ती विद्यार्थिनी पदवी घेऊन केव्हाच निघून गेली. तिच्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिले नाही, आणि आता ते तिच्यापर्यंत पोहोचवण्याचा मार्गही नाही. पण तपासायच्या वह्यांचा गठ्ठा आपल्या सर्वांच्याच टेबलावर आहे. या आठवड्यात त्यांतली कोणतीही एक उघडून आपण काय काय खोडले आहे, एवढे प्रत्येकाने पाहावे. स्वतःचा आवाज शोधा, हे त्यानंतर सांगू.