जवळचे शहर, लांबची वाट

मंडळी, शिरूर ते दौंड किती लांब? नकाशावर पट्टी ठेवून मोजाल तर साधारण 45 किलोमीटर. पण आपल्याला काही पाखरासारखे सरळ जाता येत नाही. न्हावऱ्यावरून निघालात तर भीमेचा पूल ओलांडून चौफुल्याला जायचे आणि तेथून पुन्हा दौंडकडे वळायचे. मध्ये नदी असली की अंतर पट्टी ठरवीत नाही, पूल ठरवतो.

देशादेशांचेही तसेच आहे. मुंबई आणि पाकिस्तानातले कराची यांचे सरळ अंतर साधारण 875 किलोमीटर. मुंबईहून दिल्ली याहून लांब! विमानाला हे अंतर दीड तासाचे.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन एका लहानशा विमानातून कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादेस इंधन भरले. ते इंधन कशातून आणले होते म्हणता? आपल्या बैलगाडीतून! सकाळी साडेसहाच्या सुमारास निघालेले विमान दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. तेव्हा सिंध प्रांत मुंबई इलाख्यातच होता. तो 1936 साली वेगळा झाला. त्या काळी नोकरीधंद्यासाठी कितीतरी मराठी माणसे कराचीला गेली. त्यांच्यापैकी काहींची घराणी आजही तेथे आहेत.

पुढे फाळणी झाली, युद्धे झाली. थेट विमाने कधी सुरू झाली, कधी बंद पडली. 2025 च्या एप्रिलमध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशच बंद केले. अशा वेळी दुबईमार्गे जायचे म्हटले, तर मुंबई ते दुबई सुमारे 1,930 आणि दुबई ते कराची सुमारे 1,190, म्हणजे तीन हजारांहून अधिक किलोमीटर होतात. दीड तासाच्या वाटेला अख्खा दिवस जातो. शहरे जागची हलली नाहीत. मधला पूल तेवढा गेला.

आता आपल्या घरचे बोलू. तुमचा मुलगा किंवा जावई नोकरीसाठी दुबईला निघाला, तर तिकिटावरच्या वेळा नीट पाहा. प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे चालते. म्हणून सकाळी दहाला मुंबईहून सुटलेले विमान साडेअकराला दुबईला पोचले असे दिसते. प्रवास मात्र तीन तासांचा असतो. येताना याच्या उलट.

शिवाय परदेशाच्या विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर हजर राहावे लागते. शिरूर-दौंडहून मुंबईचा विमानतळ गाठायला पाच-सहा तास धरा. घाटात गाडी अडकली तर आणखी. म्हणजे दहाच्या विमानासाठी मध्यरात्रीच घर सोडायला हवे. निरोपाच्या जेवणात आणि पाया पडण्यात वेळ कसा जातो, हे आयाबहिणींना सांगायला नको. ते सारे आदल्या संध्याकाळीच उरकून घ्या.

तेव्हा मंडळी, परगावी जाताना 'किती किलोमीटर?' एवढेच विचारू नका. 'वाट कोठून आहे, आणि ती आज उघडी आहे का?' हेही विचारा.